भिंत जाड, पंपिंग साठ टक्के: मग रक्तदाबानं हृदयाचं बिघडवलं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५२, पुरुष, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६६ किलो. चार-पाच वर्षांपासून बीपी १५०-१६०/९५ च्या घरात, पण त्रास काहीच नव्हता म्हणून गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या. आता इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि रिपोर्टात आलं: 'कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, मधला पडदा १३ मिमी, मागची भिंत १२ मिमी, कप्प्याची रुंदी ४४ मिमी, डावा वरचा कप्पा किंचित मोठा, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के.' (एलव्हीएच म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंती जाड होणं, डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे सैल पडून रक्त भरून घेण्यातला बिघाड, ईएफ म्हणजे पंपिंगचा आकडा.) पंपिंग नॉर्मल आहे असं तुम्हाला सांगितलं गेलं. म्हणून तुम्ही विचारताय की पंपिंग चांगलं आहे तर काळजी कशाची, व्यायाम करणाऱ्यांचं हृदयही जाड होतंच की, आणि ही जाडी परत कमी होते का?

मी हृदयरोगाचे पेशंट पाहते आणि इकोही स्वतः करते. हे तीन प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा येतात की एकदा नीट, सविस्तर लिहावं असं मनात होतंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुमचा प्रश्न पंपिंगभोवती फिरतोय, पण उच्च रक्तदाबाचा पहिला घाव पंपिंगवर पडतच नाही. हृदयाला दोन कामं असतात. आकसून रक्त बाहेर ढकलायचं, आणि लगेच सैल पडून पुढच्या ठोक्यासाठी रक्त भरून घ्यायचं. रक्तदाबानं आधी बिघडतं ते दुसरं काम. रिपोर्टातला ईएफ पहिल्या कामाचा आकडा आहे. त्यामुळे तो बरोबर असूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आता भिंत जाड का होते ते पाहू. डावा खालचा कप्पा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं डावं निलय, दर ठोक्याला महाधमनीत रक्त ढकलतो. त्यासाठी त्याला आतला दाब महाधमनीतल्या दाबाच्या वर न्यावा लागतो, तेव्हाच झडप उघडते. महाधमनीत दाब १२० असेल तर तेवढा, १६० असेल तर तेवढा. हे दिवसाला साधारण एक लाख वेळा.

भिंतीच्या प्रत्येक भागावर किती ताण येतो, याचं गणित फ्रेंच गणिती लाप्लासच्या नावानं ओळखलं जातं. दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. दाब वाढला की ताण वाढतो, जाडी वाढली की ताण कमी होतो. तुमच्याच आकड्यांनी बघा. दाब १२० वरून १६० वर गेला म्हणजे एक तृतीयांशानं वाढला. ९ मिमीची भिंत १२ मिमीची झाली म्हणजे तीही एक तृतीयांशानं वाढली. भागाकार जिथल्या तिथे. हृदयानं जाडी वाढवून प्रत्येक पेशीवरचा ताण पूर्वीइतका आणून ठेवला.

ही जाडी नव्या पेशी तयार होऊन येत नाही. प्रौढ माणसात हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ विभागतच नाहीत. २००९ साली कार्बन-१४ वापरून झालेल्या मोजणीत, पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात आणि पंच्याहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं, असं दिसलं. त्यामुळे वाढीव काम आहे त्याच पेशींना जाडजूड होऊन करावं लागतं. पेशीच्या आत सार्कोमिअर नावाचे आकुंचन पावणारे सूक्ष्म तुकडे असतात. दाबाचा भार असेल तेव्हा नवे तुकडे जुन्यांना समांतर, बाजूबाजूला रचले जातात आणि पेशी रुंद होते. रक्ताच्या प्रमाणाचा भार असेल, उदाहरणार्थ झडप गळत असेल, तेव्हा ते एकापुढे एक लागतात आणि पेशी लांब होते. हा फरक विल्यम ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडला आणि तो आजही शिकवला जातो. तुमच्या रिपोर्टातला 'कॉन्सेंट्रिक' हा शब्द यातल्या पहिल्या प्रकाराचा. भिंती सगळीकडून आत जाड झाल्या आणि कप्पा मोठा झाला नाही.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की हृदयानं योग्य तेच केलं. बरीच वर्षं वैद्यकशास्त्रातही हेच मत होतं. पण प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत दाब वाढवून जाडी मात्र रोखून धरली, तरी त्यांची हृदयं लगेच निकामी झाली नाहीत. म्हणजे जाडी आली नसती तर हृदय कोलमडलंच असतं, हे गृहीत धरता येत नाही. मी पेशंटना सांगताना 'हृदयानं जुळवून घेतलंय' असं म्हणायचं टाळते, कारण ते ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि गोळी सोडतो.

खरं नुकसान पेशींच्या मधल्या जागेत होतं. ते इकोच्या पडद्यावर सरळ दिसत नाही. दाबासोबत अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं कामाला लागतात. ती स्नायूपेशींबरोबरच फायब्रोब्लास्ट या आधारपेशींनाही चेतवतात. या आधारपेशी कोलॅजन विणतात. थोडं कोलॅजन हवंच असतं, त्याशिवाय स्नायूंचे तंतू एकमेकांना धरून राहणार नाहीत. ते वाढत गेलं की मात्र स्नायूच्या मधूनमधून चिवट जाळी पसरते. जाळी ना आकसते, ना नीट ताणली जाते. जाड पेशी आणि मध्ये ही जाळी, असा तो कप्पा झाला की त्याची अवस्था फार कडक स्प्रिंग लावलेल्या दारासारखी होते. बंद होताना धाडकन होतं, पण उघडायला खांदा लावावा लागतो.

तो खांदा लावायचं काम डाव्या वरच्या कप्प्याकडे, म्हणजे अलिंदाकडे येतं. साधारण परिस्थितीत खालचा कप्पा सैल पडताच बहुतेक रक्त आपोआप खाली उतरतं आणि वरचा कप्पा शेवटी थोडी भर घालतो, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. खालचा कप्पा ताठ झाला की आपोआप उतरणारं रक्त घटतं आणि शेवटच्या ढकलण्यावर भिस्त वाढते. इकोत आम्ही हेच पाहतो. झडपेतून येणाऱ्या प्रवाहाच्या दोन लाटा असतात, आधीची 'ई' आणि नंतरची 'ए'. तरुण, निरोगी हृदयात 'ई' उंच असते. ग्रेड १ मध्ये 'ए' तिच्यावर जाते. मात्र पन्नाशी-साठीनंतर वयामुळेही असं होतं, म्हणून नुसत्या ग्रेड १ वरून मी कोणाला आजारी ठरवत नाही. तुमच्या बाबतीत सोबत जाड भिंत आणि मोठा झालेला वरचा कप्पा आहे, म्हणून त्याला वजन आहे.

वरच्या कप्प्याचा आकार मला फार महत्त्वाचा वाटतो. लाटा त्या क्षणाच्या बीपीनुसार, श्वासानुसार, शरीरातल्या पाण्यानुसार बदलतात. वरच्या कप्प्याचा आकार असा तासाभरात बदलत नाही. तो महिनोन्‌महिने आतून दाब सोसून फुगलेला असतो. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलीपेक्षा जास्त आकारमान म्हणजे मोठा, अशी सर्वमान्य रेषा आहे. तुमच्या रिपोर्टात फक्त 'किंचित मोठा' लिहिलंय, आकडा नाही. पुढच्या वेळी तो मागून घ्या.

हा कप्पा ताणत गेला की त्याच्या भिंतीतही तीच जाळी पसरते आणि विजेचा संदेश सरळ वाहत नाही. मग एट्रियल फिब्रिलेशन सुरू होऊ शकतं, म्हणजे वरचा कप्पा आकसण्याऐवजी नुसता थरथरतो. त्यात दोन धोके आहेत. थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. शिवाय ताठ हृदयाला ज्या शेवटच्या ढकलण्याचा आधार होता तोच जातो, म्हणून काल ठीकठाक चालणारा माणूस आज अचानक धापा टाकत येतो. ईएफ अजूनही ६० टक्केच असतो.

आता त्या ६० टक्क्यांकडे येऊ. ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं. कप्प्यात १०० मिली भरलं आणि ६० बाहेर गेलं, तर ६० टक्के. भिंती आत सरकून जागा कमी झाली, ८० मिलीच भरलं आणि ४८ बाहेर गेलं, तरी ६० टक्केच. टक्केवारी तीच, पण दर ठोक्याला १२ मिली रक्त कमी. बसल्या जागी ही तूट कळत नाही. जिना चढताना कळते, आणि त्याचं कारण वेळेत आहे. ठोके मिनिटाला ७२ असताना एक ठोका साधारण ०.८ सेकंदाचा असतो आणि त्यातला अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा वेळ भरण्यासाठी मिळतो. ठोके १२० झाले की पूर्ण ठोकाच अर्ध्या सेकंदाचा होतो आणि भरायला पाव सेकंदच उरतो. चांगलं लवचीक हृदय तेवढ्यात भरतं. ताठ हृदयाला तेवढा वेळ पुरत नाही, मागे दाब चढतो, तो फुप्फुसांपर्यंत जातो आणि दम लागतो. ईएफ ५० टक्के किंवा जास्त असूनही होणारं हार्ट फेल्युअर ते हेच. दम लागल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला 'पंपिंग छान आहे, वयामुळे होतंय' असं सांगून परत पाठवल्याचं मी पाहते तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण इलाज करण्याजोगी वर्षं अशीच निघून जातात.

स्नायूच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याचाही प्रश्न येतो. डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतांश रक्त मिळतं ते तो सैल असताना, कारण आकसलेला असताना तो स्वतःच्याच वाहिन्या दाबून टाकतो. स्नायू वाढतो त्या प्रमाणात केशवाहिन्या वाढत नाहीत. आतला थर सगळ्यात जास्त दाबला जातो आणि रक्त त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. त्यामुळे छातीत भरून येतं, अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या स्वच्छ निघतात आणि माणूस 'मग दुखतंय कशामुळे?' म्हणून गोंधळतो. दुखणं खरं असतं, ते बारीक वाहिन्यांचं असतं.

महाधमनीचं एक सांगून पुढे जाते. सततच्या दाबानं तीही ताठ होते. ठोक्याची लाट पुढे जाऊन फाट्यांवर आपटून परत येते. लवचीक धमनीत ही परतलेली लाट हृदय सैल असताना पोचते आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांना रक्त मिळायला मदत करते. ताठ धमनीत ती लवकर, हृदय अजून ढकलत असतानाच येऊन धडकते. भार वाढतो आणि मदत जाते. बीपीचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, दोन्हींतलं अंतर रुंदावतं.

व्यायाम करणाऱ्यांच्या हृदयाबद्दल तुम्ही विचारलंत. हा मुद्दा रास्त आहे, पण दोन्ही जाड्या एक नव्हेत. धावणाऱ्या, पोहणाऱ्या, सायकल चालवणाऱ्याच्या हृदयावर भार येतो तो दिवसातले एक-दोन तास, आणि तो मुख्यतः जास्त रक्ताचा असतो. त्याचा कप्पा मोठा होतो आणि भिंत त्या प्रमाणात थोडी जाड होते. सैल पडण्याचा वेग चांगला राहतो, कित्येकदा सरासरीहून चांगला असतो. जाळी पसरत नाही. सराव थांबवला की काही महिन्यांत जाडी उतरते. वजन उचलणाऱ्याचं बीपी त्या क्षणी प्रचंड चढतं, पण सेट संपला की खाली येतं. तुमच्या हृदयाला मात्र विश्रांतीचा तासच मिळालेला नाही. बसताना, जेवताना, झोपेत, सतत तोच दाब. इकोच्या टेबलावर हा फरक लगेच ओळखू येतो. झडपेच्या कडेला डॉपलर (इकोतलं वेग मोजायचं तंत्र) ठेवून स्नायू किती झपाट्यानं सैल पडतो ते मोजलं की खेळाडूचा वेग भरपूर येतो आणि रक्तदाबवाल्याचा मंद.

भार किती वेळ होता, हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. १८३६ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी किडनीच्या आजारानं गेलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात पाहिलं की झडपा ठीक असूनही पुष्कळांचा डावा कप्पा जाड झालेला आहे. त्या वेळी रक्तदाब मोजायचा पट्टाच नव्हता. रिवा-रोची यांचा पट्टा १८९६ मध्ये आला आणि स्टेथोस्कोपनं ऐकून मोजायची कोरोटकॉफ यांची पद्धत १९०५ मध्ये. बीपीचा आकडा कागदावर येण्याच्या कितीतरी आधी हृदयाच्या भिंतीत तो उमटत होता. आजही दवाखान्यातल्या एका रीडिंगपेक्षा २४ तासांच्या सरासरीशी भिंतीच्या वजनाचा संबंध जास्त जवळचा असतो, आणि त्यातही रात्रीच्या दाबाशी.

म्हणून दवाखान्यात बीपी १३०/८० आणि इकोत भिंत १३ मिमी असं चित्र दिसलं, की मी आधी विचारते की घोरता का, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का, दिवसा झोप अनावर होते का. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्री बीपी उतरण्याऐवजी चढतं आणि ते दिवसा कोणालाच दिसत नाही. २४ तासांचा पट्टा लावला की कळतं. किडनीचा आजार, अल्डोस्टेरॉनचं प्रमाण जास्त असणं, वेदनाशामक गोळ्यांचा सततचा वापर, हेही असेच लपून राहणारे. सारखाच रक्तदाब असलेल्या दोन माणसांत एकाची भिंत जाड होते, दुसऱ्याची होत नाही. वय, आनुवंशिकता, वजन, मधुमेह आणि मीठ, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. तुम्ही साखर, किडनी आणि झोपेबद्दल काही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्यात यातलं किती लागू आहे हे मी इथून सांगू शकत नाही.

तुमच्या आकड्यांचं गणित मात्र करून दाखवते, कारण रिपोर्ट किती मानायचा हे त्यातून कळतं. स्नायूचं वजन काढताना पडदा, कप्पा आणि मागची भिंत यांची बेरीज करून तिचा घन करतात, त्यातून कप्प्याचा घन वजा करतात आणि ठरलेल्या गुणकांनी गुणतात. तुमचे १३, ४४ आणि १२ घातले की वजन येतं सुमारे २०३ ग्रॅम. १६८ सेंमी आणि ६६ किलोला पृष्ठफळ सुमारे १.७५ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे सुमारे ११६ ग्रॅम. पुरुषांसाठी मर्यादा ११५ आणि स्त्रियांसाठी ९५. म्हणजे तुम्ही रेषेच्या जेमतेम पलीकडे आहात. आता समजा मोजणाऱ्यानं दोन्हीकडे एकेक मिमी कमी धरला असता, १२ आणि ११. वजन १८० ग्रॅम, दर चौरस मीटरमागे १०३, म्हणजे मर्यादेच्या आत! एका मिमीनं निदानाचं नावच बदललं.

आणि एक मिमी म्हणजे मशीनच्या स्क्रीनवर कर्सर किंचित इकडेतिकडे. छेद तिरका पडला तर भिंत खोटी जाड दिसते. उजव्या कप्प्यातला एखादा स्नायूपट्टा हृदयाच्या मधल्या पडद्यात धरून मोजला गेला तरी तसंच. म्हणून जाडीच्या एका आकड्यावर मी विसंबत नाही. तरीही तुमच्या बाबतीत काहीतरी बदललंय यात मला शंका नाही, कारण दुसरा आकडा या चुकीनं डळमळत नाही. मागच्या भिंतीची दुप्पट भागिले कप्प्याची रुंदी हे गुणोत्तर ०.४२ च्या वर गेलं की रचना कॉन्सेंट्रिक समजतात. तुमचं ०.५५ येतं, एक मिमी कमी धरला तरी ०.५०. वजन मर्यादेत आणि हे गुणोत्तर जास्त, या अवस्थेला कॉन्सेंट्रिक रिमॉडेलिंग म्हणतात आणि तीही निरुपद्रवी नाही. त्यात वरचा कप्पा मोठा आहेच.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून जाडी नाही, असंही समजू नका. ईसीजीत छातीवरच्या जागांना व्ही-१ ते व्ही-६ अशी नावं असतात. व्ही-१ मधला खोल उतार आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधला उंच चढ यांची बेरीज ३५ मिमी किंवा जास्त, हा १९४९ पासूनचा सोकोलो-लायन निकष आजही वापरात आहे. तो भरला तर जाडी बहुधा असतेच. न भरता जाडी असलेले पुष्कळ असतात.

जाडी रक्तदाबाचीच आहे ना, हेही तपासायला हवं. भिंत १५ मिमी किंवा जास्त असेल, एकाच बाजूला जाड असेल, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. इकोत भिंत जाड आणि ईसीजीत मात्र रेघा बुटक्या, असा उलटा मेळ दिसला तर अमायलॉइड (हृदयात विकृत प्रथिन साचण्याचा आजार) मनात येतं. महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तरी भिंत जाड होते. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही आणि इतक्या वर्षांचं बीपी हे कारण पुरेसं आहे.

आतापर्यंतचं एकत्र मांडायचं तर: दाबामुळे पेशी जाड होतात, मध्ये जाळी पसरते, कप्पा ताठ होतो, भरण्याचा दाब मागे चढून वरचा कप्पा फुगतो, आणि या सगळ्यात ईएफ शाबूत राहतो. तुम्ही या वाटेवर सुरुवातीच्या टप्प्यात आहात. पुढे काहींमध्ये कप्पा पसरून भिंत सैल पडते आणि ईएफही घसरतो. बहुतेकदा त्याच्या आधी मध्ये एखादा हार्ट अटॅक येऊन गेलेला असतो. सगळ्यांचा शेवट तिथेच होतो असं मात्र नाही.

मग परत मागे येता येतं का? येतं, आणि ते मी नियमित पाहते. पेशींची जाडी उतरते. बीपी सतत ताब्यात राहिलं तर पहिल्या वर्षातच फरक मोजता येतो आणि पुढची दोन-तीन वर्षं तो वाढत राहतो. कोलॅजनची जाळी मात्र हळू आणि अर्धवटच उतरते. वरचा कप्पा फार मोठा झाला असेल तर तो पूर्ववत होईलच असं नाही. त्यामुळे आज सुरू करणं आणि पाच वर्षांनी सुरू करणं, या दोन्हींत मिळणारं हृदय सारखं नसतं.

औषधांचं म्हणाल तर सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दाब उतरणं, कोणत्याही गोळीनं. त्याखालोखाल, अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या गोळ्या (लोसार्टन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांचे गट) आणि अॅम्लोडिपिनचा गट जाडी उतरवण्यात बीटा ब्लॉकरपेक्षा (ठोके मंदावणाऱ्या गोळ्यांपेक्षा) सरस ठरले आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ' चाचणीत ईसीजीवर जाडी दिसलेल्या ९,१९३ रुग्णांना लोसार्टन किंवा अॅटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर दिला गेला. दोन्ही गटांत बीपी जवळपास सारखंच उतरलं, पण लोसार्टनच्या गटात जाडी जास्त उतरली आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी राहिलं. हे वाचून चालू असलेला बीटा ब्लॉकर स्वतःहून थांबवू नका. तो दुसऱ्या कारणासाठी दिलेला असू शकतो आणि एकदम सोडणं धोक्याचं असतं. तुमच्यासाठी कोणती गोळी, हे रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) आणि पोटॅशियम पाहूनच ठरेल.

गोळी कोणतीही असो, ती रोज घेतली जाणं हेच खरं औषध. आठवड्यात चार दिवस बीपी १२५ आणि तीन दिवस १६० असेल तर हृदयाला त्या तीन दिवसांचा भार सोसावा लागतोच. तुम्ही 'त्रास नव्हता म्हणून सोडल्या' असं लिहिलंत. या आजारात त्रास होईपर्यंत थांबणं म्हणजे जाळी पसरून होईपर्यंत थांबणं. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. काहीच दुखत नसताना रोज गोळी घेणं किती कठीण असतं ते मी रोज बघते, पण यातून सुटकेची दुसरी वाट मला माहीत नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेची तीच शिफारस आहे. रोज भरभर चाला. श्वास रोखून जड वजनं उचलणं बीपी ताब्यात येईपर्यंत टाळा. तुमचं वजन ठीक आहे. ज्यांचं जास्त आहे त्यांच्यात ते उतरलं की बीपीबरोबरच भिंतही उतरते.

घरी बीपी मोजायचं ते असं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा, बोलणं बंद. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर असेल तर बीपी ताब्यात नाही. तुमच्या वयाला आणि या रिपोर्टावर मी १३०/८० च्या खालचं लक्ष्य ठेवीन. अशक्त, वृद्ध, उभं राहताच चक्कर येणाऱ्या माणसाला हेच लक्ष्य लावणार नाही.

छातीत दाबल्यासारखं दुखलं, आडवं पडताच दम लागला, शुद्ध हरपली, ठोके वेडेवाकडे धडधडू लागले, किंवा चेहरा वा हात एका बाजूला लुळा पडला तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

इको दर तीन महिन्यांनी करू नका. तेवढ्या काळात खरा बदल मोजण्याच्या चुकीहून लहान असतो आणि उगाच आनंद किंवा भीती पदरी पडते. वर्षभरानं करा, जमल्यास त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर. रिपोर्ट हाती आल्यावर १३ चे १२ झाले का हे पाहण्याआधी वरच्या कप्प्याचं आकारमान आणि स्नायू सैल पडण्याचा वेग पाहा, आणि घरच्या बीपीच्या वर्षभराच्या नोंदी सोबत नेऊन डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी वाढवायची, बदलायची की आहे तशीच चालू ठेवायची, हे त्या दोन्ही गोष्टी शेजारी मांडूनच ठरवता येतं.